नाल्याकाठची डीपी

खांब वाकला की सगळ्या गावाला दिसतो. तो वाकायच्या आधी, कोणता खांब वाकणार आहे हे सांगायचं काम माझ्या नोकरीच्या शेवटाशेवटाला माझ्याकडे आलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते हसण्यावारी नेलं.

मी वीज खात्यात शाखा अभियंता होतो. माझं गाव मेडशी, पण नोकरीची सुरुवात आणि शेवट दोन्ही रिसोड तालुक्यात झाले. नवा असताना केनवडच्या बाजूची दहा-बारा गावं माझ्याकडे होती. मग जिल्ह्यात सगळीकडे फिरून आलो आणि निवृत्तीला सहा वर्षं असताना पुन्हा त्याच गावांत येऊन पडलो. लोकांनी ओळखलं. केस गेले होते तरी ओळखलं, कारण आमच्याकडे लाइनवाल्याला चेहऱ्यानं कोणी ओळखत नाही, त्याच्या उशिरा येण्यावरून ओळखतात.

तर एक दिवस वरून एक तक्ता आला. हवामान बदलून राहिलं आहे, तेव्हा आपल्या यंत्रणेतली कोणती वस्तू ऊन, वारा, वीज आणि पाणी यांच्यापुढे किती टिकेल ते प्रत्येक डीपीवार लिहा, असा हुकूम होता. एक ते पाच गुण. एक म्हणजे काळजी नाही, पाच म्हणजे आज ना उद्या जाणार. पुढे ‘सुचवलेला उपाय’ असा रकाना. डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला तो राखाडी पिंप, ज्याच्यातून मोठ्या लाइनीची वीज घरच्या आणि मोटारीच्या कामाची होऊन निघते. माझ्या हाताखाली अशा दीडशेच्या वर होत्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वीज गेली म्हणजे कोणीतरी बटण बंद केलं. तसं नसतं. डीपी दिवसभर तापते आणि रात्री गार होते, तिचाही तो आरामच. आता वैशाखात रात्रीसुद्धा भिंती गरम असतात, मग डीपी कधी गार होणार? आमची काळी माती उन्हात फाटते आणि पावसात फुगते, त्यात उभा केलेला खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो. पूर्वी आठवडाभर मिळून पडायचा तो पाऊस आता दोन तासांत पडून मोकळा होतो. हे सगळं आम्हा लाइनवर काम करणाऱ्यांना ठाऊक होतं. फक्त कोणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी बसल्या जागी तक्ता भरायला घेतला. टेबलावर चहा, शेजारी जुनं रजिस्टर, सगळ्यांना दोन नाहीतर तीन. चाळीसेक डीपी एका दुपारी निकालात काढल्या. माझा लाइनमन शेषराव दारात उभा राहून पाहत होता. शेषराव म्हणजे वीस वर्षं एकाच पट्ट्यातले खांब चढलेला माणूस. बोलायला कमी, पण बोलला की ऐकावं लागायचं.

“साहेब, हे तुमी डीपीचे गुण देऊन राह्यले का पोराच्या परीक्षेचे?” तो म्हणाला.

“काहून रे?”

“सारेच पास करून राह्यले म्हणून म्हटलं.”

मला राग आला, पण तक्ता बंद केला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो.

ते दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे. तक्त्यात वाऱ्याचा जोर विचारला होता. आमच्याकडे वारा मोजायचं यंत्र कुठलं? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, मागच्या वादळात वारा किती होता. तो म्हणाला, “माह्या कोठ्यावरचं टीन उडालं, ते त्या बाभईपाशी सापडलं, एवढा होता.” शेषरावनं गुरांच्या कोठ्यापासून बाभळीपर्यंत पावलं मोजली आणि मला आकडा सांगितला. मी तो लिहिला. वरून कोणी हरकत घेतली नाही.

अशी फिरत फिरत स्वारी सुमनबाईच्या वावराशी आली.

सुमनबाईचं वावर नाल्याच्या काठानं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं बागायती उभी केली. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, आणि हिरव्या जाळीखाली मिरची-टमाट्याची रोपं. आसपासच्या चार-पाच गावांतले लोक तिच्याकडून रोपं नेत. रोपाचं असं असतं की वैशाखात एक दिवस पाणी चुकलं तर संध्याकाळी माना टाकतं आणि दुसऱ्या दिवशी उचलून फेकावं लागतं. म्हणून तिचा जीव मोटारीत, आणि मोटारीचा जीव त्या डीपीत. तिच्यासकट बारा शेतकऱ्यांच्या मोटारी त्या एका डीपीवर होत्या.

आणि ही डीपी तक्त्यात बसेना. वय झालेलं, भार जास्त, आजूबाजूला उंच काही नाही म्हणजे वीज पडायची भीती मोठी. हिशोबानं ती दोन-तीनदा तरी जळायला हवी होती. रजिस्टरमध्ये मात्र एकदाही जळाल्याची नोंद नाही. असं लिहून पाठवलं असतं तर वरच्यांनी मलाच खोटं ठरवलं असतं.

“ही काहून नाही जळली, सुमनबाई?” मी विचारलं.

“तिले पाणी पाजतो ना मी,” ती म्हणाली. “तुमीच त सांगतलं होतं.”

मला काही आठवेना. मग तिनंच सांगितलं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी डीपी चालू केली त्या दिवशी मी नवा साहेब ऐटीत उभा होतो. डीपीच्या बुडाशी एक खड्डा असतो, कोळसा आणि मीठ घालून भरलेला, त्यात एक तार पुरलेली. त्याला अर्थिंग म्हणतात. आकाशातली वीज पडली की त्या तारेनं जमिनीत निघून जाते. पण जमीन ओली असेल तरच. कोरडी असेल तर ती डीपीच्याच पोटातून वाट काढते. आणि आमच्याकडे वीज कडाडते ती नेमकी वळवाच्या पावसात, जमीन सगळ्यात कोरडी असताना. मी तेव्हा सुमनबाईला गमतीनं म्हणालो होतो, “बाई, उन्हाळ्यात डीपीला दोन बादल्या पाणी पाजत जा.” मी बोललो आणि विसरलो. ती तीस वर्षं पाजत होती.

माझ्या शब्दाला एवढं कोणी घरातसुद्धा मानलं नाही. छाती फुगली, हे कबूल करतो. पण लगेच शेषराव म्हणाला, “साहेब, वर पाहा.”

खांबाला ताण देणारी जी तिरपी तार असते, तिच्यावरून दोडक्याचा वेल चढला होता. चांगला भरघोस, पिवळ्या फुलांचा, वरच्या फ्यूजपासून हातभर खाली पोचलेला. सुमनबाई अभिमानानं म्हणाली, “उनायात लय तापते बिचारी. म्हणून सावली केली. दरसाल करतो.”

ओला वेल आणि उघडी लाइन यांची गाठ पडली असती तर दोडका तोडायला हात लावणारी बाई जागेवर गेली असती. मी तिला तसं सांगितलं. ती वेलापासून दोन पावलं मागं सरली.

“मंग इतले दिवस काहून नाही सांगतलं? तुमाले तीच दोडकी देत होतो मी.”

तक्त्यात ‘झाडाझुडपांचा अडथळा’ असा रकाना दरवर्षीच्या तपासणीतही असायचा, आणि मी पाच वर्षं ऑफिसात बसून ‘नाही’ लिहीत आलो होतो. सुमनबाईची पिशवी शिपायाबरोबर घरी यायची, बायको तिळाचं कूट घालून भाजी करायची, आणि मी दोन पोळ्या जास्त खायचो. आजही ते आठवलं की लाज वाटते. शेषरावनं लाइन बंद करवून विळ्यानं वेल कापला. सुमनबाईनं तोडलेली दोडकी तेवढी पदराच्या ओट्यात गोळा केली.

मी तक्त्यात पाण्याच्या रकान्यात दोन गुण लिहिले. नाला चांगला पंचवीस-तीस पावलं लांब होता. शेषराव माझ्या खांद्यावरून वाचत होता.

“दोन नाही होत, साहेब. मागच्या साली सोयाबीनच्या सोंगणीच्या टायमाले पाणी आलं, तवा मी इथं उभा होतो.” त्यानं कमरेला हात लावला. “इथवर पाणी होतं. फ्यूज टाकाले.”

लाइन वरून बंद असली तरी बारा मोटारवाल्यांपैकी कोणाच्या जनरेटरमधून उलटी वीज केव्हा येईल याचा नेम नसतो. पाण्यात उभ्या माणसाला तेवढं पुरतं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुमी रिपोर्ट मागतला असता. म्हणाले असते, पाण्यात काहून गेला? आन् नसतो गेलो त या बाईची रोपं गेली असती, सारं गाव माह्या दारात येऊन बसलं असतं.” मग म्हणाला, “पुढच्या पावसायात बी जाच लागन. तुमी दोन लिहा का पाच लिहा.”

घरी येऊन मला जेवण गेलं नाही. कारण जागा मी निवडली होती. नव्या दमाचा होतो. मे महिना होता, नाल्याकाठची जमीन सपाट, ट्रक थेट खांबापर्यंत जात होता. वरच्या अंगाला चढ होता, तिथं पिंप माणसांनी ओढून न्यावा लागला असता. मी खाली उभी करा म्हटलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी डीपी उभी झाली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पुराचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण तेव्हा नाल्याला तसा पूर येतच नव्हता.

सकाळी उठून पाण्याच्या रकान्यात पाच लिहिले. शेऱ्यात लिहिलं: ‘जागा चुकीची निवडली गेली आहे. निवड मी केली होती. लाइनमन मागच्या पुरात पाण्यात उतरला. पुढच्या पावसाळ्याआधी डीपी वर नेणे.’ वेलाचंही लिहिलं. निवृत्तीला आठ महिने होते आणि माझी पाटी तोवर कोरी होती.

तक्ता वर पाठवल्यावर चार दिवसांनी जिल्ह्याच्या ठिकाणाहून आमच्या कार्यकारी अभियंता मॅडमचा फोन आला. माझ्या मुलीच्या वयाच्या.

“तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहिलंय. माहीत आहे ना?”

“हो, मॅडम. खरं आहे ते.”

मग म्हणाल्या, “बाकी सगळ्यांच्या तक्त्यात सगळं दोन आणि तीन आहे. मला कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं. तुम्ही वरची जागा मिळवून द्या, मंजुरी मी पाहते.”

वरची जागा सुमनबाईच्या दिराची, नामदेवरावांची. आता डीपीला जागा मागणं आणि मुलगी मागणं यांत मुलगी मागणं सोपं. डीपी आली की वावराचा कोपरा गेला, आणि फ्यूज उडाला की बारा माणसं उभ्या पिकातून चालत येणार. शिवाय दीर-भावजयींचं दहा वर्षांपासून बोलणं बंद. वाटणीच्या वेळी काही झालं होतं. काय झालं होतं ते दोघंही वेगवेगळं सांगत.

नामदेवरावांनी चहा पाजला आणि म्हणाले, “देतो जागा. पण वैनीनं सोता येऊन मागावं.”

मी सुमनबाईकडे गेलो. ती म्हणाली, “मी त्याच्या दारात जात नाही.”

तीन खेपा झाल्या. मृग जवळ येत होता. चौथ्या खेपेला शेषराव बरोबर होता. तो तिला एवढंच म्हणाला, “बाई, पाण्यात मलेच उतरा लागते.” ती रोपांवर झारीनं पाणी घालत होती. झारी खाली ठेवून म्हणाली, “वावरात येईन. दारात नाही येणार.”

मग एका सकाळी आम्ही चौघं नामदेवरावांच्या टेकाडावर उभे. मी नकाशा काढून आणला होता, सगळ्यात उंच जागी फुली मारलेली. सुमनबाईनं पायानं माती उकरून पाहिली. दीर चार हातांवर उभा होता, पण ती वळली शेषरावकडे.

“शेषराव, त्यायले सांगा, इथं मुरूम हाय. खड्ड्यात पाणी ठरणार नाही. पहिलीच वीज पडन त डीपी जाईन.”

नामदेवराव शेषरावला म्हणाले, “वैनीले सांग, माह्या वावरातली माती मले ठाऊक हाय.”

“ठाऊक हाय त मंग साहेबाले कायले नाही सांगतलं, विचारा त्यायले.”

शेषराव बिचारा एकदा इकडे एकदा तिकडे मान फिरवत होता. दोघांचं एकमेकांना अक्षर न् अक्षर ऐकू जात होतं, तरी ते त्याच्या तोंडून गेल्याशिवाय पोचत नव्हतं. मी नकाशा गुंडाळून खिशात घातला. बाई बरोबर होती. पाण्यापासून पळता पळता मी दुसऱ्यांदा चुकीच्या जागी डीपी उभी करणार होतो.

“मंग कुठं टाका म्हणते त्या?” नामदेवरावांनी शेषरावला विचारलं.

सुमनबाईनं उतारावरच्या बैलांच्या दगडी हौदाकडे बोट दाखवलं. हौद भरून वाहायचा आणि त्याच्या खालची जमीन जवळजवळ वर्षभर ओली राहायची. “मामाजीनं हौद तिथं पाहूनच बांधला. नाल्याचं पाणी तिथवर कदी आलं नाही, आन् वल बी लवकर हटत नाही. सांगा त्यायले.”

मामाजी म्हणजे तिचे सासरे, नामदेवरावांचे वडील. नामदेवराव हौदाकडे पाहत राहिले. हौदाजवळची जागा म्हणजे त्यांच्या वावरातली सगळ्यात चांगली. मला वाटलं, संपलं सगळं.

“सांगा त्यायले,” ती पुढे म्हणाली, “वैशाखात हौद आटते. तवा रोज दोन बादल्या पाणी टाका लागन.”

शेषरावनं तोंड उघडलं, पण नामदेवराव त्याच्याआधी बोलले. “टाकीन, वैनी.”

तिनं पदर सारखा केला आणि उतारानं खाली निघून गेली. मी घाईघाईनं हौदाशेजारी चुन्यानं खूण केली, न जाणो कोणाचं मन बदललं तर. मृगाच्या आठ दिवस आधी डीपी हौदापाशी उभी झाली. चढावर पिंप दोरानं ओढून न्यायला अख्खा दिवस लागला. नामदेवरावांची बैलजोडी कामी आली. सुमनबाईच्या घरच्या लाइनीसाठी नाल्याकाठचा एक खांब तेवढा जागेवर ठेवला.

त्या तक्त्यात मी पाच गुण दिलेल्या डीपी बऱ्याच होत्या. सगळ्या हलल्या असं नाही. काहींना मंजुरी मिळाली नाही, काहींना जागा मिळाली नाही, आणि एका गावात तर जागा मिळाली, मंजुरी मिळाली, पण माझी निवृत्ती आधी आली. ते गाव अजून मनात टोचतं. आता तिथं कोण साहेब आहे मला माहीत नाही, पण माझा तक्ता त्याच्या कपाटात असेल आणि त्यातलं लिहिलेलं खरं आहे, एवढं समाधान आहे. माझ्या नावापुढे एक लेखी समजही लागली, वेलाबद्दल आणि जागेबद्दल. ती मी जपून ठेवली आहे. निरोप समारंभातल्या मानपत्रापेक्षा ती खरी आहे.

निवृत्तीनंतर मी मेडशीला येऊन राहिलो. तिथल्या पहिल्याच भादव्यात एका दुपारी आभाळ फाटलं. दोन तास पत्र्यांवर असा आवाज की घरातलं बोलणं ऐकू येईना. जुनी सवय, हात सारखा मोबाइलकडे जात होता. बायको म्हणाली, “आता तुमचा काय संबंध?” तिचं खरं होतं. पण मला राहून राहून शेषरावची कंबर दिसत होती.

पाऊस थांबल्यावर सुमनबाईचा फोन आला.

“साहेब, नाल्याले लय पाणी आलं. जुना खांब हाय ना, त्याच्यावर जिथं फ्यूजची पेटी होती, तेच्याही वर गेलं.”

“शेषराव कुठं आहे?”

“माह्याच घरी बसेल हाय. च्या पिऊन राह्यला.”

“आणि लाइन?”

“लाइन हाय. मोटार बी लावून पाह्यली, चालू हाय. म्हणूनच फोन केला.”

सबंध नोकरीत माझ्या फोनवर माणसं एकच गोष्ट सांगायची, लाइन गेली. दिवाळीत, लग्नात, जेवताना, सासरे वारले त्या दिवशीसुद्धा. लाइन आहे हे सांगायला कोणी फोन करत नसतं, आणि केला तर काय बोलायचं हे मला कधी कोणी शिकवलं नव्हतं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, “बरं. नोंद घेतो.”

“घ्या,” ती म्हणाली.